विषाणूंची मोजदाद

आग लागल्यावर विहीर खणायला निघू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. सांगायला हे सोपे आहे. पण आग लागणार हे आधी ओळखायचे कसे? ओलसर गवताची गंजी आतल्या आत तापत असते, तेव्हा वरून काहीच दिसत नाही. जाणता शेतकरी गंजीत हात खुपसून पाहतो, नि ऊब लागली की वेळीच ती उसकटून मोकळी करतो.

आज मी तुम्हाला वैद्यकशास्त्रातली अशीच एक हकीकत सांगणार आहे. काही मुलांना जगवण्यासाठी त्यांच्या शरीरात दुसऱ्याचे यकृत, मूत्रपिंड किंवा हृदय बसवावे लागते. अशा मुलांचे थोडे थोडे रक्त डॉक्टर ठराविक दिवसांनी काढून घेतात आणि त्यात एका विशिष्ट विषाणूचे प्रमाण किती आहे ते मोजतात. का मोजतात? ही मोजणी सुचली कशी? आणि मोजून आलेल्या आकड्यावर कितपत विसंबावे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला आपल्याला आधी आफ्रिकेतल्या युगांडा देशात जावे लागेल.

सन १९५७. युगांडाची राजधानी कंपाला, तिथले मुलागो रुग्णालय. डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यवैद्य तिथे काम करत होते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेलेला होता; पण उरलेल्या एका डोळ्याने ते जे पाहत, ते नीट पाहत. त्यांच्यासमोर पाच वर्षांचा एक मुलगा आणला गेला. त्याचे वरचे नि खालचे दोन्ही जबडे, दोन्ही बाजूंनी सुजलेले होते. गळू म्हणावे तर एकाच वेळी चार ठिकाणी कसे होईल? थोड्याच दिवसांनी जिंजा या गावच्या रुग्णालयात त्यांना तसेच दुसरे मूल दिसले. त्याच्या पोटातही गाठी होत्या. बर्किट यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरे काढली आणि त्यांच्या ध्यानात आले की, डॉक्टर ज्यांना वेगवेगळे रोग समजत होते तो मुलांचा एकच कर्करोग आहे. सन १९५८ मध्ये त्यांनी त्यावर पहिला लेख लिहिला.

पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. हा रोग कुठे होतो नि कुठे होत नाही, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. रुग्णांची छायाचित्रे छापलेली पत्रके त्यांनी आफ्रिकेतल्या शेकडो दवाखान्यांना धाडली. ऑक्टोबर १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांना बरोबर घेऊन, एका जुन्या फोर्ड गाडीतून ते निघाले. दहा आठवडे, सुमारे दहा हजार मैल, पन्नासाहून अधिक रुग्णालये! नकाशावर खुणा करता करता चित्र स्पष्ट झाले. उंचावरच्या थंड मुलखात हा रोग नव्हता, कोरड्या मुलखातही नव्हता. जिथे ऊब नि भरपूर पाऊस, तिथेच तो होता. शिक्षक मंडळींनी हे जरूर ध्यानात घ्यावे. भूगोलाचा नकाशा रोगाचा माग कसा काढतो, याचा इतका सुंदर दाखला क्वचितच मिळेल.

त्याच वर्षी, म्हणजे २२ मार्च १९६१ रोजी, बर्किट यांचे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्याख्यान झाले होते. श्रोत्यांत मायकेल अँथनी एप्स्टीन हे शास्त्रज्ञ बसलेले होते. कोंबड्यांना विषाणूमुळे कर्करोग होतो, हे तेव्हा ठाऊक होते आणि एप्स्टीन त्याचाच अभ्यास करत होते. व्याख्यान ऐकता ऐकता त्यांच्या मनात आले की, हवामानाप्रमाणे पसरणारा हा रोग असेल तर त्यामागे एखादा जंतू असला पाहिजे. मग माणसातही कर्करोगामागे विषाणू का नसावा? त्यांनी बर्किट यांच्याशी ठरवून टाकले. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले.

दोन वर्षांहून अधिक काळ हाती काही लागले नाही. मग ५ डिसेंबर १९६३ रोजी एक चमत्कारिक योग आला. लंडनवर दाट धुके होते, म्हणून विमान मँचेस्टरला उतरवावे लागले. नमुना उशिरा पोचला. बाटलीतले पाणी गढूळ झालेले. नमुना नासला, फेकून द्यावा, असेच कोणालाही वाटले असते. पण फेकण्यापूर्वी एप्स्टीन यांनी त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहतात तो काय, तो गढूळपणा कुजल्याचा नव्हताच! गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी त्या पाण्यात तरंगत होत्या. या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्या पेशींच्या पोटात विषाणू दिसला. आनंदाने आणि धास्तीने एप्स्टीन यांनी यंत्र बंद केले नि बाहेर पडत्या बर्फात एक फेरी मारून आले. बर्ट अचाँग आणि ईव्हॉन बार या सहकाऱ्यांसह त्यांनी मार्च १९६४ मध्ये हा शोध जाहीर केला. एप्स्टीन आणि बार यांच्या नावांवरून त्या विषाणूला ‘एप्स्टीन-बार विषाणू’ म्हणतात. थोडक्यात, ‘ईबीव्ही’.

आता तुम्ही म्हणाल, हा आफ्रिकेतला विषाणू, त्याच्याशी आपला काय संबंध? इथेच खरी मौज आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी मुलांच्या रुग्णालयात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले हे शास्त्रज्ञ दांपत्य होते. त्यांनी माणसांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा शोधायला सुरुवात केली, तर त्या जवळजवळ सगळ्यांच्याच रक्तात निघाल्या. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण कर्मचारी मुलीच्या रक्तात मात्र खूण नव्हती. सन १९६७ मध्ये ती मुलगी आजारी पडली. ताप, घसा, मानेला अवधाण आलेले. बरी झाल्यावर पाहिले तर तिच्या रक्तात खूण उमटलेली! तरुणांना येणाऱ्या या गाठींच्या तापाचे कारण हाच विषाणू, हे त्यावरून कळले आणि पुढल्या वर्षी ते प्रसिद्ध झाले.

आज आपल्याला ठाऊक आहे की, जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढ माणसांच्या शरीरात हा विषाणू असतो. तुमच्या असेल, माझ्याही असेल. तो थुंकीवाटे पसरतो. आपल्यासारख्या देशांत बहुतेक मुलांना तो अगदी लहानपणीच गाठतो. थोडा ताप येतो, जातो, कोणाला पत्ताही लागत नाही. मात्र एकदा आत शिरला की हा पाहुणा जन्मभर जात नाही. रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या ‘बी’ जातीच्या पेशींत तो दडून बसतो नि त्यांना सारखे ‘वाढा, वाढा’ असे सांगत राहतो. मग त्या वाढत का नाहीत? कारण ‘टी’ जातीच्या दुसऱ्या पेशी पहारा करत असतात. बिघडलेली पेशी दिसली की त्या तिला मारून टाकतात. पहारा जागा आहे तोवर भीती नाही. युगांडातल्या मुलांचा पहारा वारंवारच्या हिवतापाने ढिला पडलेला होता, हे पुढील संशोधनात दिसून आले.

आता दुसऱ्या वाटेने येऊ. सन १९५४ च्या २३ डिसेंबरला बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते चालले. पण जुळ्याची गोष्ट निराळी. परक्याचा अवयव बसवला की शरीराच्या त्याच पहारेकरी पेशी त्याला शत्रू समजतात आणि नष्ट करू पाहतात. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर शहरात डॉ. थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या एका मुलावर जगातले पहिले यकृतरोपण केले. ते मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेले. स्टार्झल यांनी हिंमत सोडली नाही. जुलै १९६७ मध्ये एकोणीस महिन्यांच्या एका मुलीला त्यांनी यकृत बसवले आणि ती एक वर्षाहून अधिक काळ जगली.

हे जमले ते पहारा ढिला करणाऱ्या औषधांमुळे. त्यांतली दोन मोठी औषधे चक्क मातीतून आली, बरं का! नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. सन १९७८ मध्ये केंब्रिजचे डॉ. रॉय कॅन यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. जपानमधल्या त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस निघाले. या औषधांनी हजारो मुलांना नवे आयुष्य दिले.

पण देताना एक हात मागेही घेतला. स्टार्झल यांचे सहकारी डॉ. इस्रायल पेन यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीसच दाखवून दिले होते की, अवयव बसवलेल्या काही रुग्णांत पांढऱ्या पेशींचा कर्करोग उद्भवतो. का उद्भवतो, हे हळूहळू उलगडले. औषध हा काही शहाणा चौकीदार नव्हे. ‘नवे यकृत आपले माना, पण विषाणूंवर नजर ठेवा’ असे त्याला पहारेकऱ्यांना सांगता येत नाही. पहारा ढिला झाला की ईबीव्हीला रान मोकळे मिळते. बी पेशी बेसुमार वाढतात. आधी टॉन्सिल नि गाठी सुजतात. मग आतडी, यकृत, कधी मेंदूही. डॉक्टर या विकाराला ‘पीटीएलडी’ या चार अक्षरांनी ओळखतात. वेळीच आवरला नाही, तर तो जीव घेतो.

फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका बारा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. प्रतिकारशक्तीच नसलेला हा मुलगा जन्मापासून प्लॅस्टिकच्या निर्जंतुक तंबूत वाढला होता. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याला बहिणीच्या हाडांतला मगज दिला गेला. बहीण ठणठणीत होती; पण तिच्या पेशींत ईबीव्ही झोपलेला होता. बहिणीला ज्याचा काडीचा त्रास नव्हता, त्यानेच भावाच्या शरीरात गाठी उठवल्या. सुदृढ माणसाकडून आलेल्या देणगीबरोबर काय येऊ शकते, हे त्या मृत्यूने जगाला कळले.

योगायोग असा की, त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च १९८४ मध्ये, स्टार्झल यांच्या तुकडीने एक आशेची बातमी छापली. मूत्रपिंड, यकृत, हृदय असे अवयव बसवलेल्या सतरा रुग्णांत हा विकार झाला होता. डॉक्टरांनी पहारा ढिला करणारी औषधे कमी केली, काहींची बंद केली. गाठी विरघळू लागल्या! आणि बऱ्याच जणांचा नवा अवयवही टिकून राहिला. म्हणजे पहारेकरी मेलेले नव्हते, औषधाने गुंगलेले होते.

मंडळी, डॉक्टरांपुढचा पेच आता तुमच्या ध्यानात आला असेल. औषध जास्त झाले तर विषाणू माजतो. कमी झाले तर शरीर नवा अवयव नाकारते. एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर. मुलांच्या बाबतीत तर हा पेच अधिकच अवघड. सात-आठ महिन्यांच्या बाळाला यकृत बसवायचे असेल, तर पुष्कळदा त्या बाळाला ईबीव्ही अजून भेटलेलाच नसतो; देणारा मात्र प्रौढ, म्हणजे विषाणू बाळगणारा. विषाणूशी पहिलीच गाठ पडते ती ऐन औषधांच्या अमलात. म्हणूनच हा विकार मोठ्यांपेक्षा मुलांत कितीतरी अधिक दिसतो. आतड्याचे रोपण झालेल्या मुलांत तो सर्वांत जास्त.

मग गाठ उठण्याची वाट पाहायची का? गंजीत हात घालून पाहण्याची काही सोय नाही का? ‘विषाणू आहे का?’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण तो बहुतेकांत असतोच. शिवाय तान्ह्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेल्या खुणा असतात, त्या फसवतात. प्रश्न विचारायचा तो असा : ‘विषाणू किती आहे, आणि वाढतो आहे का?’

हे मोजण्याचे साधन १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना सुचले. त्याला पीसीआर म्हणतात. करोनाच्या साथीत, सन २०२० पासून, हे नाव खेडोपाडी पोचले. त्याची युक्ती अशी : विषाणूच्या आनुवंशिक धाग्याचे दोन पदर असतात. उष्णता दिली की ते सुटे होतात. थंड केले की प्रत्येक पदरावर नवा जोडीदार विणता येतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे ठेवण्याचे गणित शिक्षकांना माहीत आहेच. तीस फेऱ्यांत एका धाग्याचे शंभर कोटींवर धागे होतात. विणकाम करणारे द्रव्य उष्णतेत टिकावे लागते. ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, राहणाऱ्या एका जिवाणूतून मिळाले. डॉ. थॉमस ब्रॉक यांना तो जिवाणू साठीच्या दशकात सापडला होता. पुढे त्याचा असा उपयोग होईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मुलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. धागे किती फेऱ्यांनंतर दिसू लागतात, त्यावरून मुळात किती होते हे काढता येते. लवकर दिसले तर पुष्कळ होते, उशिरा दिसले तर थोडे.

स्टार्झल १९८१ पासून पिट्सबर्ग येथे होते आणि तिथे मुलांची रोपणे मोठ्या संख्येने होत. नव्वदीच्या दशकात तिथल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी मुलांच्या रक्तातला ईबीव्ही मोजला. ज्या मुलांना पीटीएलडी झाला त्यांच्या रक्तात तो फारच चढलेला होता. पुष्कळदा रोग दिसण्यापूर्वीच चढू लागलेला असे. मग रीत पडली : शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी वरचेवर रक्त तपासायचे, सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी, पुढे महिन्याच्या अंतराने. आकडा चढताना दिसला की मुलाला नीट तपासायचे आणि औषध जपून थोडे उतरवायचे. पहारेकरी जागे होतात आणि विषाणूला आवरतात. ज्या केंद्रांनी ही शिस्त पाळली, तिथे हा विकार कमी झाल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत.

पण आकड्यालाच देव मानू नये. पहिली अडचण वजनमापाची. एका प्रयोगशाळेचा आकडा नि दुसरीचा आकडा यांत शेकडो पटींचा फरक पडे. जणू एका गावचा शेर निराळा, दुसऱ्या गावचा निराळा. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ईबीव्हीचे प्रमाण-माप ठरवून दिले. त्याने फरक कमी झाला, पण पुरता मिटला नाही. म्हणून एका मुलाचे रक्त शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. काही मुलांच्या रक्तात वर्षानुवर्षे विषाणू भरपूर असतो, तरीही ती खेळतात, शाळेत जातात, त्यांना काही होत नाही. केवळ आकडा मोठा म्हणून त्यांचे औषध तोडले, तर रोग नसताना अवयव गमावण्याची पाळी येईल. उलट, क्वचित आकडा लहान असतानाही गाठ उठते, कारण या विकाराचे काही प्रकार ईबीव्हीविना होतात. म्हणून जाणते डॉक्टर सांगतात की, आकडा कमी असेल तर बऱ्याच अंशी धीर धरावा, आकडा चढत असेल तर सावध व्हावे. पण निवाडा मात्र मुलाला पाहून, गाठ असेल तर तिचा तुकडा तपासूनच करावा. आकडा हा जागल्या आहे, न्यायाधीश नव्हे. जागल्याने हाक दिली तर उठून पाहायचे असते. हाकेसरशी लाठी चालवायची नसते.

विकार झालाच, तर आज उपाय अधिक आहेत. बी पेशींना नेमके हेरून मारणारे रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ईबीव्हीला ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी दात्यांकडून घेऊन, वाढवून रुग्णाला देण्याचीही वाट निघाली आहे. अशा तयार पेशींच्या औषधाला डिसेंबर २०२२ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. ईबीव्हीविरुद्ध लस मात्र अजून आपल्या हाती आलेली नाही.

आपल्या देशात मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले, आणि लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ मध्ये दिल्लीत. आता अशी मुले आपल्या गावांतही परत येतात नि शाळेत बसतात. म्हणून शिक्षकांना दोन गोष्टी सांगतो. असे मूल वर्गात असेल, तर त्याच्या औषधाची वेळ चुकू देऊ नका. बरे दिसते म्हणून कोणी औषध बंद करू लागला तर अडवा. औषध कमी करायचे ते डॉक्टरांनी, आकडा नि मूल दोन्ही पाहून. आणि ताप हटत नाही, मानेत अवधाण आले आहे, नव्याने घोरू लागले आहे, जुलाब थांबत नाहीत, मूल वाळत चालले आहे, असे दिसले तर चार दिवस वाट न पाहता पालकांना रोपण केलेल्या रुग्णालयाकडे धाडा. शहर लांब असते, गाडीभाडे लागते, रोजगार बुडतो, आणि मूल तर हसतखेळत असते. मग ‘या खेपेची तपासणी राहू दे’ असे पालकांना वाटणे साहजिक आहे. त्यांना रागे भरू नका. ही तपासणी कशासाठी आहे, ते समजावून सांगा. बरे दिसणाऱ्या मुलासाठीच ती आहे.

बर्किट यांनी दप्तरे चाळली, एप्स्टीन यांनी गढूळ बाटली फेकली नाही, स्टार्झल यांच्या तुकडीने औषध उतरवून पाहिले, आणि प्रयोगशाळांनी मोजायची रीत घातली. या सगळ्यांच्या कष्टांचे फळ आज चमचाभर रक्ताच्या तपासणीत उतरले आहे. ते रक्त वेळच्या वेळी तपासायला पोचले पाहिजे, एवढे काम मात्र आपल्याकडे आहे.